वासराच्या दोन भागांमधून

संध्याकाळी कालव्याच्या बांधावर
अक्कूब मला विचारतो. तो इथेच जन्मला,
आमचं नगर त्याने पाहिलेलं नाही,
बोलताना मधूनच बाबेलचे शब्द येतात त्याला.
"आबा, देवानं आधीच ठरवलं होतं ना सारं?
संदेष्टा तर वीस वर्षं ओरडत होता
की नगर जळणार.
मग तुमचा काय दोष?
बाण कधी म्हणतो का, मी मारलं?"

हुशार आहे पोरगा. सावकाराच्या हिशेबाच्या पाट्या लिहितो.
मी फावड्याचा गाळ धुतो
आणि लगेच काही बोलत नाही.

मी तेलाचा व्यापारी होतो, अक्कूब.
वेशीजवळ दुकान, मागे दगडी घाणा,
घाण्याला एक गाढव आणि मिवटा.
मिवटा म्हणजे भरवसा.
दुष्काळात तिच्या बापाने
जवाच्या अकरा मापांना दिली होती मला.
सहा वर्षं राबावं, सातव्या वर्षी मोकळं,
हे नियमशास्त्रात होतं. मला पाठ होतं.
तिचं नववं वर्ष भरत आलं होतं.

खास्दी तटाला भिडले तेव्हा
आम्हाला देव आठवला.
मंदिरात वासरू कापलं, उभं,
दोन्ही भाग समोरासमोर ठेवले
आणि मधून चालत गेलो, एकेक जण,
सरदार, याजक, मी.
चपला चिकटत होत्या फरशीला.
करार मोडला तर आमचंही असंच होवो,
हे शब्द माझे. कुणी तोंडात घातलेले नाहीत.

घरी येऊन मिवटाला म्हटलं, जा.
तिने हात पुसले,
गाढवाच्या कपाळावर ठेवले थोडा वेळ,
आणि गेली. मागे वळली नाही.

मग मिसरची फौज निघाल्याची आवई उठली
आणि खास्द्यांनी तंबू उपटले, एका रात्रीत.
सकाळी तटावरून पाहिलं तर
नुसती राख, खुंटांची भोकं, कावळे.
देव पावला, म्हणालो आम्ही.
न तोडलेल्या झाडांखाली
जैतुनाची फळं सडू लागली होती.
घाणा थांबलेला. भाव चढलेला.

तिला आणायला मी स्वतः गेलो.
नोकर पाठवला नाही, हेही लक्षात ठेव.
तळ्याच्या पायऱ्यांवर ती
कुणाचे तरी कपडे धूत होती, मजुरीने.
केसांत लाल दोरी होती,
स्वतःच्या पैशाने घेतलेली.
मी मनगट धरलं.
तिने एवढंच विचारलं,
"वासराचं काय झालं, धनी?"

खास्दी परत आले. येणारच होते.
सांगितलं होतं ते शब्दशः झालं,
इथवर तुझं बरोबर.
पण त्या दुपारी माझ्या कोपराला
आकाशातून कुणी दोरी बांधली नव्हती.
मी शोधली आहे ती दोरी, अक्कूब,
चाळीस वर्षं, रात्री उठून.
बोटं उघडतात. मिटतात.
मी म्हणेन तेव्हाच.

आणि नुसतं ठरलेलंच सांगायचं असतं
तर एकदा सांगून माणूस घरी गेला असता.
वीस वर्षं घसा फोडला त्याने.
दार ठोठावणं होतं ते.
आम्हाला वाटलं, वारा आहे.

देवाचं ठरणं आणि माझं धरणं
एकाच मनगटावर कसं मावतं,
ते मला अजून कळलेलं नाही.
बाणाला विचारू नकोस.
तो वासरामधून चाललेला नाही.

अक्कूब गप्प आहे.
सत्तर वर्षांनी परत जाऊ म्हणतात,
तेही ठरलेलंच आहे, असं काहीतरी पुटपुटतो.
त्याच्या काखेत आजची पाटी, ओल्या फडक्यात.
कुणाची? मी विचारतो.
गहाण पडलेली मुलगी आहे एक, तो म्हणतो,
मुदत कालच संपली तिची,
सावकार म्हणतो, आणखी तीन वर्षं लिही.

फडकं बाजूला होतं.
उन्हं उतरली आहेत, माती सुकलेली नाही.
तो तिथेच उभा राहतो,
अंगठ्याने पाटीची कड चाचपत.